तीन नावं

रात्री दोनला दॅनेश आला. टोपीवर बर्फ, तोंडात शब्द नाही.
चाळीस वर्षं सुईणपण केल्यावर
दाराच्या थापेवरूनच कळतं
किती घाई आहे, आणि किती उशीर.

आमच्या खोऱ्यात घरं एकशे सहा, घंटाघरं चार.
रविवारी कुणाची घंटा
कुणाच्या प्रार्थनेत शिरेल, नेम नाही.

पोर निळं आलं.
एकदा आ केला, काठावरच्या मासळीसारखा,
मग नाही.
मी पाय धरून उलटं केलं, पाठ चोळली,
तोंडातला चिकटा बोटानं ओढून काढला.
पिरोश्का भिंतीकडे तोंड करून म्हणाली,
"पाणी घाल, बोर्बाला. आधी पाणी घाल त्याच्यावर."
कशाच्या आधी, ते दोघींनाही ठाऊक होतं.

तिचे फादर अँब्रुश घाटापलीकडे, रस्ता बंद.
मी युनिटेरियन.
देव मोजायला एक बोट पुरतं, असं बापानं शिकवलेलं.
आणि असंही, की पोर येतं ते
घासून पालथ्या घातलेल्या ताटासारखं,
आदामाचं उष्टं त्यात नसतं.

चुलीवर माझ्याच हातांसाठी ठेवलेलं पाणी होतं.
कड उडालेला एनॅमलचा मग.
"नाव?" मी विचारलं.
"लोरिंत्स," दॅनेश दारातूनच म्हणाला, तेव्हाच सुचल्यासारखं.
लोरिंत्स, बापाच्या नावानं, म्हटलं मी,
आणि पुत्राच्या,
आणि पवित्र आत्म्याच्या.
तीन धारा. तिसरी कानात गेली
आणि तो दचकला. शपथेवर सांगते, दचकला.

अकरा मिनिटं.

सकाळी शेजारची परास्किवा आली,
उकडलेला गहू घेऊन, वर साखर.
ती म्हणाली, आदामाकडून आपल्याला मरण आलं गं, गुन्हा नाही.
घर गारठलेलं मिळालं
म्हणून लेकराला कुणी चोर म्हणतं का?
मास्तर गेर्गेय कॅल्विनवाले. ते म्हणाले,
आडच नासलेला, पोहऱ्यात दुसरं काय येणार?
एवढं बोलून उठले
आणि पेटीसाठी
स्वतःच्या गोठ्याच्या दाराची फळी उचकटून आणली.
गाय तीन रात्री उघड्यावर.

चौथ्या दिवशी फादर पोचले. मिशीत बर्फाचे मणी.
वही उघडली, टाक बुडवला, मला विचारलं,
"तीन नावं घेताना तुझा हेतू काय होता?"
मी म्हटलं, पिरोश्काला हवं होतं तेच करायचा.
"आणि तुझा विश्वास?"
पाणी कोमट होतं, म्हटलं मी. एवढी खबरदारी घेतली होती.
ते बराच वेळ टाकाकडे बघत राहिले. शाई वाळली.
पुन्हा बुडवून नाव लिहिलं.

इथवर सगळ्यांना माहीत आहे.
हे नाही:

दॅनेशच्या आजोबानं माझ्या आजोबांचं
नदीकाठचं कुरण एका रात्रीत
खांब सरकवून घेतलं होतं.
मी ते कुरण कधी आमचं म्हणून पाहिलेलं नाही.
आजोबांना पाहिलेलं नाही.
तरी त्या रात्री थाप ऐकली, आवाज ओळखला,
आणि बुटांच्या नाड्या बांधल्या,
सोडल्या,
पुन्हा बांधल्या, नीट, दुहेरी गाठ मारून.

किती वेळ गेला असेल?
एक मिनिट. दोन.
कदाचित त्यानं काही फरक पडला नसता.
डॉक्टरनंही तेच म्हटलं असतं.

आमच्या वेदीवरून अजून तेच सांगतात, पोर कोरं येतं,
आणि मी मान डोलावते, कारण पोरं मी पाहिली आहेत,
दोन हजारांवर, कोरीच होती.
पण ती नाडी माझ्या बोटांना कुणी शिकवली
हे विचारायला मी कुठल्या घंटेखाली जाऊ?

मग अजून फळीवर आहे.
पिरोश्का त्यातून दूध पीत नाही,
टाकूनही देत नाही.
परवा गेले तर त्यात कांद्याची रोपं लावलेली,
तळाला भोक पाडून.